उंबराखालच्या फरशा

लालबागच्या त्या चाळीत सगळ्यांचा जीव कशावर असेल, तर चौकातल्या उंबरावर. चिवडा गल्लीपासून चार पावलांवर ही तीन मजली, दोन जिन्यांची चाळ. मधे चौक, चौकात उंबर, उंबराला पार आणि पारावर दत्ताच्या पादुका. दर गुरुवारी आरती, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती आणि सुंठवडा. गिरण्या चालू होत्या तेव्हा रातपाळी करून आलेली माणसं खोलीत जागा नसली की या पारावरच अंग टाकत. १९८२च्या संपात घरातली चूल कशी पेटवायची याची चर्चा इथेच व्हायची. लग्नाचे मांडव याच्या सावलीत पडले, तिरड्याही याच्याच सावलीतून निघाल्या.

पादुकांची पूजा तात्या करत. सत्तरी उलटलेली, अंगाने किडकिडीत, बोलताना दोन वाक्यांच्या मधे दम घेणारे. संगमेश्वरकडच्या गावातून सोळाव्या वर्षी मुंबईला आले आणि गिरणीच्या कार्डिंग खात्यात बदली म्हणून लागले. संपानंतर त्यांच्यासाठी भोंगा पुन्हा वाजला नाही. पुढे वॉचमनकी करून त्यांनी संसार ओढला. छाती मात्र गिरणीतच गेली होती. कापसाची जी बारीक धूळ त्या खात्यात दिवसभर उडायची, ती त्यांनी कितीतरी वर्षं ओढून घेतली होती.

करोनाची दोन वर्षं सरली आणि यंदा दत्तजयंती थाटात करायची असं ठरलं. तेव्हा कमिटीपुढे विषय तात्यांनीच मांडला, "पार नीट करून घेऊ." पटण्यासारखंच होतं. पावसाळ्यात चौकात चिखल व्हायचा. पिकलेली उंबरं पडून पायाखाली चिरडायची, माश्या घोंघावायच्या, फळ फोडलं की बारीक किडे उडायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी त्यावरून घसरून पडल्या होत्या. वर्गणी दोन रविवारांत जमली. गवंडी आला. चौकभर सिमेंटचा कोबा झाला, पारावर पांढऱ्याशुभ्र फरशा बसल्या. त्या थेट बुंध्याला भिडवल्या, आणि सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले. मातीचा एक कण दिसेना. दत्तजयंतीच्या रात्री दिव्यांत तो पार इतका देखणा दिसला की तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिलं वर्ष छान गेलं. उंबर हिरवागार होता.

मोठ्या झाडाचं हेच फसवं असतं. त्याच्याकडे शिल्लक असते. पानांनी उजेडात केलेली साखर सगळीच रोजच्या रोज खर्च होत नाही. तिचा काही भाग पिष्ट होऊन खोडात, फांद्यांत, जाड मुळांत साठतो. जमिनीखाली घात झाला तरी झाड कितीतरी महिने या साठ्यावर उभं राहतं, पानं फुटत राहतात. आजारी माणूस आरशात दिसतो, आजारी झाड दिसायला उशीर लागतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात शेंड्याच्या दोन फांद्या उघड्या पडल्या. उंबराची पानं झडतात आणि नवी येतात, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. पण नवी आली ती लहान आणि पिवळट. पावसाळ्यानंतर बुंध्यावर लगडणारी उंबरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. संध्याकाळी झाडावर उतरणारी वटवाघळं येईनाशी झाली. सकाळी टुकटुक करणारा तांबट दुसरीकडे गेला. आता चाळ हलली. कोणी म्हणालं, दृष्ट लागली. कोणी म्हणालं, पाणी कमी पडतंय, आणि रोज सकाळी नळ गेला की उरलेल्या दोन बादल्या बुंध्याशी ओतायला सुरुवात झाली. दादरहून खताची पिशवी आणली, फरशीच्या एका सांध्याला भोक पाडून ते खत आत सारलं. प्रत्येक जण काहीतरी देत होता. झाड दर आठवड्याला थोडं आणखी पिवळं होत होतं.

खत म्हणजे झाडाचं जेवण, ही समजूत फार जुनी आणि फार चिवट आहे. सतराव्या शतकात आजच्या बेल्जियममधल्या यान व्हान हेल्मोन्ट नावाच्या वैद्याने ती तपासायचं ठरवलं. त्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांवर, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती जेमतेम २ औंस. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८मध्ये हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. हे अर्धंच खरं होतं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. पण मातीतून झाड वजनाने किती थोडं घेतं हे त्याने तराजूवर दाखवलं. तेवढं थोडंही त्याला हवंच असतं, आणि ते उचलायला जिवंत मुळं लागतात. मेलेल्या मुळाजवळ कितीही खत सारलं तरी ते तिथेच पडून राहतं.

तात्यांच्या शेजारच्या खोलीत सई राहायची. नववीत, परळच्या शाळेत. परीक्षा जवळ आली की ती गॅलरीत फेऱ्या मारत मोठ्याने पाठ करायची, आणि तात्या खुर्चीत बसून ऐकायचे. त्यांची स्वतःची शाळा चौथीतच सुटलेली. सईच्या आवाजातून त्यांनी अकबराचा काळ ऐकला, पायथागोरस ऐकला, आणि त्या दिवशी 'सजीवांमधील जीवनप्रक्रिया' ऐकत होते. पोषण, श्वसन, वहन, उत्सर्जन. सई धाडधाड म्हणत होती, प्राणी फुप्फुसांनी, कल्ल्यांनी, त्वचेने श्वसन करतात, वनस्पतींमध्ये पानांवरची पर्णरंध्रं, खोडावरची वल्करंध्रं आणि मुळं यांच्याद्वारे वायूंची देवाणघेवाण होते.

"थांब गं," तात्या म्हणाले. "मुळं?"

"हो, मुळं."

"मुळं तर जमिनीत. तिथे कुठला श्वास?"

सई पुस्तकात बघायला लागली. वाक्य होतं, पण तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. "तात्या, हे एका मार्काला येतं. एवढंच लिहायचं असतं."

"मार्काचं राहू दे. बाईंना विचार."

झाडांच्या श्वासाबद्दल आपल्याकडे शिकलेल्या माणसांच्याही डोक्यात मोठा गोंधळ आहे. प्राणी ऑक्सिजन घेतात आणि झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, असं लहानपणी जे एका ओळीत शिकवलं जातं, ते बहुतेकांच्या मनात तसंच राहतं. खरं असं की झाडही आपल्यासारखंच चोवीस तास ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. ते श्वसन. उजेडात त्याच्या हिरव्या भागांत आणखी एक काम चालतं, ते प्रकाशसंश्लेषण. त्यात कार्बन डायऑक्साइड आत जातो, ऑक्सिजन बाहेर येतो, आणि हे इतक्या जोरात चालतं की श्वसन त्याच्यामागे झाकलं जातं. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९मध्ये हे दाखवून दिलं होतं. उजेड असेल तरच पानं हवा शुद्ध करतात, अंधारात तीच पानं आपल्यासारखीच हवा बिघडवतात. अमुक झाड रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतं असे निरोप मोबाइलवर फिरतात, ते म्हणूनच खरे नाहीत. अंधारात कोणतंही झाड ऑक्सिजन सोडत नाही. आणि मुळं तर कायमच अंधारात. त्यांच्यात हरितद्रव्य नाही, उजेड नाही, स्वतःचा ऑक्सिजन करायची सोय नाही. त्यांना जो मिळायचा तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतूनच.

बाईंनी सईला उत्तर दिलं नाही. त्यांनी उलट विचारलं, "तुझ्या घरी मटकीला मोड कसे आणतात?"

"रात्री भिजत घालतात. सकाळी उपसून फडक्यात बांधतात."

"उपसतात कशाला? पाण्यातच ठेवली तर आणखी लवकर नाही का येणार?"

सई घरी आली ती हाच प्रश्न घेऊन. आजी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वेडी का तू? पाण्यात ठेवली तर कुजेल ना."

"पण का कुजेल?"

आजी थांबली. पन्नास वर्षं मटकी उपसणाऱ्या त्या बाईला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे सईने दोन वाट्या मांडल्या. मटकी रात्रभर भिजवली. सकाळी एक मूठ उपसून ओल्या फडक्यात बांधली आणि पुरचुंडी एका वाटीत ठेवली. दुसरी मूठ दुसऱ्या वाटीत, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण बुडवली आणि वर गोडेतेलाचा थर सोडला. पाणी उकळताना त्यात विरघळलेली हवा निघून जाते, आणि तेल नवी हवा आत येऊ देत नाही. वाट्या तात्यांच्या खिडकीत ठेवल्या, कारण सईच्या खोलीत धाकट्या भावाच्या तावडीतून त्या वाचल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी पुरचुंडी सोडली. बोटाच्या पेराएवढे पांढरे मोड. तात्यांनी हात लावला आणि चटकन सईकडे पाहिलं. "कोमट आहे गं."

"श्वास घेतेय ती. साखर जाळतेय. त्याची ऊब."

दुसऱ्या वाटीतली मटकी फुगून तशीच पडली होती. मोडाचं नाव नाही. तेलाखाली बारीक बुडबुडे, आणि तेल बाजूला करताच आंबूस, नाकात झोंबणारा वास. तात्यांनी तोंड फिरवलं. "दारूच्या पिंपाचा वास हा."

"दारूच झालीय, थोडी." सईने बाईंकडून समजून घेतलं होतं ते सांगितलं. पेशीला ऑक्सिजन मिळाला तर ती साखरेचं पूर्ण ज्वलन करते आणि एका रेणूतून एटीपीचे तीसहून अधिक रेणू मिळवते. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातली रोख शक्ती. ऑक्सिजन नसेल तर साखर अर्धवट फुटते, अल्कोहोल तयार होतं आणि हाती येतात फक्त २. तेवढ्यात वाढ होत नाही. थोडा वेळ जीव तगतो, मग आतल्या आत कुजायला लागतो.

"पाणी दोन्हींना होतं," तात्या म्हणाले.

"हो."

"एकीला जास्तच होतं."

"हो."

तात्या उठले आणि गॅलरीच्या कठड्याला धरून खाली बघत राहिले. खाली कोणीतरी बुंध्याशी दुसरी बादली रिकामी करत होतं. पाणी फरशीवरून पसरलं, सांध्यांतून थोडं आत झिरपलं. आत गेलेलं ते पाणी उडून जायला वाट नव्हती. मातीतल्या ज्या पोकळ्यांत हवा असायला हवी, त्या पाण्याने भरलेल्या, आणि वर कोब्याचं झाकण.

"सोमवार," तात्या म्हणाले.

सईला वाटलं ते वार सांगतायत. ते वेगळंच सांगत होते. कार्डिंग खात्यात असताना रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेलं की छाती आवळायची. दुपारपर्यंत जिना चढवत नसे. बुधवार-गुरुवारपर्यंत सुसह्य व्हायचं. मुकादम म्हणायचा, सुट्टी करून आलास की तुला कामाचा कंटाळा येतो. बरीच वर्षं तात्यांनाही तसंच वाटलं होतं. पुढे केईएममध्ये एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सोमवारी जास्त होतं का?" कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ती ओळखच आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. छातीतल्या नळ्या फांद्यांसारख्या फुटत बारीक होत जातात आणि टोकाला वायुकोश, दोन्ही फुप्फुसांत मिळून कित्येक कोटी. तिथेच हवा रक्ताला भेटते. धुळीने नळ्या आकसतात, वर्षानुवर्षं तसंच चाललं तर आकसलेल्याच राहतात.

"मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, गावाला जाऊ का, मोकळ्या हवेत? ते म्हणाले, हवा इथेही आहे. ती तुमच्या आत पोचत नाहीये." तात्यांनी दम घेतला. "फरशा मीच बसवल्या, सई."

सईला काय बोलावं कळेना. तात्यांनाच पुढचं काम दिसत होतं. त्यांनी विचारलं, "रविवारी कमिटी बसते. तू ह्या दोन वाट्या घेऊन येशील?"

रविवारची बैठक गरम झाली. फरशा बसवून तीन वर्षं व्हायची होती. खजिनदार म्हणाले, लोकांच्या वर्गणीचा पैसा आहे, फोडायचा कसा? एका काकूंनी विचारलं, दत्ताची जागा पुन्हा चिखलात ठेवायची का? आणि एक जण म्हणाला, "झाड जातंयच तर कापून टाकू. पावसात कोसळलं तर कोणाच्या तरी डोक्यात पडेल." हे शेवटचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मुंबईत दर पावसाळ्यात झाडं कोसळतात, त्यांखाली माणसं जातात. ज्याची मुळं कुजलीयत ते झाड कोसळणार हे खरं आहे. मात्र ती मुळं कुजली कशाने, हा प्रश्न त्या वाक्यात नसतो. झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यासाठी १९७५चा महाराष्ट्राचा कायदा आहे. पण झाड गुदमरवताना कोणी परवानगी मागायला जात नाही.

तात्यांनी भाषण केलं नाही, त्यांना ते झेपतही नसे. त्यांनी दोन्ही वाट्या हातोहात फिरवल्या. "वास घ्या," एवढंच म्हणाले. मटकीबद्दल त्या बैठकीतल्या बायकांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या काकूंनी चिखलाचा प्रश्न काढला होता त्यांनी दुसऱ्या वाटीचा वास घेतला, खाली उंबराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण उंबराला उपसलंच नाही."

ठरलं की आधी जाणकाराला दाखवायचं. परळ-लालबागच्या माणसाला दवाखाना शोधायला लांब जावं लागत नाही. केईएम १९२६पासून आहे, टाटा रुग्णालय १९४१पासून. जनावरांसाठीही इथे मोठं रुग्णालय आहे आणि १८८६पासून पशुवैद्यक महाविद्यालय. झाडाला मात्र उचलून कुठे नेता येत नाही, जो कोणी येईल तो त्याच्यापाशीच यावा लागतो. चाळीतल्या एकाचे मामा भायखळ्याच्या राणीच्या बागेत माळीकाम करून निवृत्त झाले होते. १८६२मध्ये खुल्या झालेल्या त्या बागेत झाडांच्या पिढ्या बघितलेला माणूस. ते आले, आणि आधी फक्त झाडाभोवती फिरले. मग खिशातून चाकू काढून एका उघड्या फांदीची साल नखाएवढी खरवडली. आत तपकिरी, कोरडी. खालच्या फांदीवर तेच केलं. आत हिरवी, ओलसर.

"अर्धं गेलंय, अर्धं आहे," ते म्हणाले.

सईने आदल्या सकाळी दोन फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधून ठेवल्या होत्या, पानांच्या झुबक्यावरून घेऊन तोंडाशी सुतळी आवळलेल्या. खालच्या फांदीच्या पिशवीत घोटभर पाणी जमलं होतं. पिवळ्या फांदीच्या पिशवीत नुसता धूसरपणा. तिने मामांना विचारलं, हे बरोबर आहे का. मामांनी पिशवी उन्हात धरून बघितली. पानातून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्या ओढीने जलवाहिन्यांतून खालचं पाणी वर चढतं, मुळापासून शेंड्यापर्यंत एक अखंड धार. हृदय नाही, पंप नाही. खाली मूळ मेलं की ती धार तुटते. मग झाड पर्णरंध्रं मिटून घेतं, म्हणजे पाणी वाचतं पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, आणि अन्न तयार होणं थांबतं. पायाशी पाणी साचलेलं असतानाही पान सुकतं ते असं.

मामांच्या सूचना मोजक्या आणि कडक होत्या. ब्रेकर लावायचा नाही, छिन्नी-हातोड्यानेच फोडायचं, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि धक्क्याने तुटतात. बुंध्याभोवती निदान एक मीटर तरी मोकळी माती हवी. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये एवढंच अंतर मोकळं ठेवायला सांगितलं होतं. "पण ते कमीत कमी," मामा म्हणाले. "मुळं फांद्यांच्याही पलीकडे जातात. जितकं सोडाल तितकं त्याचं." खणायचं नाही, खत घालायचं नाही. आणि बोट खुपसून माती दोन पेरं कोरडी लागेपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

फोडायला चाळीतलेच हात लागले. पहिली फरशी निघाली तेव्हा खालून जो वास आला, तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. माती काळी, चिकट. बारीक मुळं हाताला लागताच सालपटासारखी निघत होती. एका कोपऱ्यात मात्र, जिथे खतासाठी सांधा फोडला होता, तिथे त्या बोटभर भोकाखाली पांढऱ्या, ताज्या मुळांची जाळी दाटीवाटीने जमली होती. खताला त्यांनी विचारलंही नव्हतं, ते दाणे तसेच बाजूला पडलेले. भोकातून हवा येत होती, मुळं तिच्यासाठी आली होती. सई तिथे खूप वेळ उकिडवी बसून होती. पुस्तकातलं एका मार्काचं वाक्य तिने त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

लगेच काही झालं नाही. कोरड्या फांद्या महापालिकेच्या उद्यान खात्याला अर्ज करून उतरवाव्या लागल्या, आणि शेंडा गेल्यावर झाड भकास दिसायला लागलं. पहिल्या पावसात चौकात चिखल झाला. खजिनदारांनी तो बोलून दाखवला. मग पोरांनी पडलेली पानं गोळा करून मातीवर पसरली, आणि चिखल बराच आटोक्यात आला. झाडाचं टाकाऊ म्हणून आपण रोज झाडून कचऱ्यात देतो ते पान गांडुळांनी आत ओढलं, माती भुसभुशीत केली, तिच्यात पुन्हा पोकळ्या झाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात खालच्या फांद्यांवर पोपटी पानं आली, मोठी, रुंद. त्यानंतर थेट बुंध्याच्या सालीतून उंबरांचे घोस.

किडेही परत आले. या वेळी मात्र सईने चौकातल्या पोरांना एक कच्चं फळ चिरून दाखवलं. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही, कारण शेकडो बारीक फुलं फळाच्या आतल्या बाजूला असतात. त्यांचं परागण करतो तो एकच सूक्ष्म गांधीलमाशीचा प्रकार. मादी फळाच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख झडतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पुढची पिढी त्याच फळात जन्मते, तिच्यातले नर बोगदा कोरतात आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. ज्यांना चाळ घाण म्हणत होती, त्यांच्यावाचून या झाडाला बी धरत नाही. फळ पिकलं की वटवाघूळ, तांबट, कोकीळ ते खातात, गर पचतो, बी पचत नाही, आणि विष्ठेबरोबर ते कुठल्या तरी भिंतीच्या भेगेत जाऊन पडतं. लालबाग-परळच्या बंद गिरण्यांच्या भिंतींतून उगवलेली उंबर-पिंपळाची रोपं अशीच लागली आहेत.

उंबरं आता रोज पडतात. दोन्ही जिन्यांनी झाडायचे वार वाटून घेतले आहेत. तात्यांच्या छातीला अर्थातच उतार नाही, त्या नळ्या आता सुटायच्या नाहीत. गुरुवारची आरती ते बसून करतात, पादुका एका दगडी चौथऱ्यावर, आणि भोवती उघडी माती.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या चाळीत पिंपळाच्या पाराला ग्रॅनाइट बसवायचं ठरल्याचं कळलं. तात्या सईला घेऊन तिथे गेले. जिने चढायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. तिथल्या सेक्रेटरींनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "पण तात्या, आमचा पिंपळ बघा की. हिरवागार आहे."

"आमचा उंबरही पहिलं वर्ष हिरवाच होता," तात्या म्हणाले. "गवंडी कधी येणार?"

"सोमवारी."

तात्यांनी सईकडे बघितलं. सईने बोटांवर हिशेब केला. आज शुक्रवार. आज रात्री भिजत घातली तर रविवारी सकाळी दोन्ही वाट्या तयार.

"काका," ती सेक्रेटरींना म्हणाली, "घरात मटकी असेल ना तुमच्या?"